ळ उठत नाही

मराठी टाइपरायटर, चालू स्थितीत.
किंमत बावीसशे. बोली लावा.
खाली बारीक अक्षरांत: ळ उठत नाही.

मी चौदाशे टाकले.
रात्रीचे साडेअकरा, शाहूपुरी, पंखा कुरकुरतोय.
ळ नाही तर गूळ कसा लिहू, मी विचारलं,
आमचं घरच गुळावर चाललेलं.

आबा सौद्यात रुमालाखाली हात घालायचे.
दोन बोटं दाबली, एक मुडपलं,
तोंडानं सोयऱ्याधायऱ्यांच्या गप्पा
आणि खाली भाव ठरत असे.
म्हणायचे, समोरचा किती अडलाय
ते तळव्याच्या घामावरून कळतं.

इथे घाम नाही.
इथे नुसतं 'विक्रेता पाहत आहे'
आणि एक हिरवा ठिपका.

मग कागलहून उत्तर:
'वडील कचेरीबाहेर अर्ज टाइप करायचे.
शेवटची नऊ वर्षं
प्रत्येक ळ पेनानं घातलाय त्यांनी.
एकोणिसशेच्या खाली नको, ताई.'

मी सोळाशे लिहिले. खोडले.
सतराशे. अंगठा तसाच वर धरून बसले.
काचेला ओल लागली होती,
माझीच.

अठराशे पन्नास.

बराच वेळ काही नाही.
ठिपका गेला, आला, परत गेला.
'चालतंय की. रिबन नवी घालून ठेवतो.
आन् ते पेन बी न्या,
मशिनीबरोबरचंच हाय ते.'