नीरम

आग्नेल म्हणतो, वजन आधी मागे.
डाव्या कोपऱ्यात, जिथे लाट हवी त्याच बाजूला
काळी पिशवी पसरायची, घड्या मोडायच्या,
पंपाचं तोंड खाडीत सोडायचं.
पिशवी आधी खोकते.
आतली हवा गेल्याशिवाय पाणी बसत नाही,
आणि हवा राहिली
तर नेमकी वळणावर लाट ढिली पडते.

साडेतीनशे डावीकडे. उजवीकडे दीडशे.
नाकाशी दोनशे, नाहीतर लाट उभी राहते खरी
पण आखूड, तोंडावर दार लावल्यासारखी.
फळ्यांखालच्या टाकीत दोनशे, ते कायमचं.
वर मी, अठ्ठ्याहत्तर.
माझी किंमत एवढीच
की मला उचलून ठेवावं लागत नाही.

होडीसोबत आलेल्या पुस्तकातले आकडे
कुठल्यातरी गोड्या तलावाचे.
ओशेलच्या धक्क्याखाली पाणी खारं,
होडीला किंचित वर उचलून धरणारं.
किंचित म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही.
आग्नेल बोट बुडवून चाखतो
आणि पंप आणखी दोन मिनिटं चालू ठेवतो.

भरती व्हायला पाऊण तास.
त्याआधी गेलो तर पंखा चिखल नांगरतो.
गिऱ्हाईक आज कोल्हापूरची दंतवैद्य,
डावा पाय पुढे, म्हणून डावी लाट.
धक्क्यावर बसून ती फळीला मेण घासते आहे
आणि विचारते, होडी अशी एका अंगावर का कलली?
मुद्दाम, मी म्हणतो.
ती माझ्याकडे बघते,
मी दात दाखवत नाही.

पंधरा. सोळा.
सतराला मागे पाणी फुगतं.
साडेसतराला माथ्यावर फेस येतो,
आग्नेल आरशात बघून ओरडतो, सरक!
मी दोन पावलं पुढे, सीटच्या कडेला अर्धा,
आणि मागचं पाणी एकदम साफ,
इस्त्री फिरल्यासारखं.
ती दोरी सोडून देते.
कशालाच न धरता आठ हातांवर येत राहते,
जणू आम्ही तिला ओढून आणलंच नाही,
तिलाच आमच्याशी काही बोलायचंय.

लाट मात्र तिथे थांबत नाही.
कांदळात शिरते, खाजनाच्या बांधाला धडकते,
शिवोलीच्या बाजूला कंबरभर पाण्यात
गुणावती तिसऱ्यांची टोपली डोक्यावर घेते
लाट जाईपर्यंत.
मग शिवी देते, माझ्या नावानिशी.
बांधाजवळ आग्नेल इंजिन मंद करतो,
दर वेळी,
आणि दर वेळी थोडं उशिरा.

माझा बाप याच पाण्यात बुडी मारून
बादलीनं रेती काढायचा.
चार बोटं कड पाण्यावर राहिली की होडी भरली,
मग तिच्यात कुणी शिंकायचंसुद्धा नाही.
रिकामी परतताना तळाला चिरे मांडायचा,
मोठे मध्ये, फुटके मागे.
नीरम, म्हणायचा त्याला.
हलकी होडी म्हणजे सणातला पिदाडा,
रस्ता सगळा तिचाच.
रेती बंद झाली तेव्हा होडी विकली,
ते चिरे अजून आमच्या न्हाणीघराची पायरी आहेत.

संध्याकाळी पिशव्या रिकाम्या करायला अर्धा तास.
पाणी जिथलं तिथं जातं, होडी बोटबोट वर येते,
आणि मी बसल्याजागी तिच्यासोबत.

घरी बापानं विचारलं, आज किती भरलंस?
नऊशे किलो.
काय?
पाणी.
आणि उतरवलंस कुठं?
तिथंच.
तो हसायला लागला, हसता हसता खोकला,
आतली सगळी हवा बाहेर पडेपर्यंत खोकला.
मी पाण्याचा तांब्या दिला.

अर्धा प्याला, तोंड पुसलं,
आणि मग हलक्या आवाजात,
धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं:
डाव्या बाजूला किती?