मोजदाद

पहाटे चारला कॉफी उकळेपर्यंत
मी एक अध्याय वाचते. वडलांची सवय.
पुस्तकही त्यांचंच, आमच्या सामी भाषेतलं,
संदेष्ट्यांच्या पानांवर कॉड माशाच्या तेलाचा डाग आहे
आणि तिथली अक्षरं उजेडात धरली की आरपार दिसतात.

आज मला उत्तर हवं होतं.
योव्नाशी बोलावं की नाही, एवढंच.
वडील गेल्यावर होडीवरून भांडलो आम्ही.
खाडीकाठी ती उलटी पडून आहे दोन हिवाळे,
आणि आम्हीही.
उघडलं तर निघाली मोजदाद:
अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा,
या कुळाचे इतके, त्या कुळाचे तितके.
पानभर माणसं, माझ्या कामाचं एकही नाही.
मिटलं. थर्मास भरला. निघाले.

फिनमार्कात नोव्हेंबर संपता संपता सूर्य जातो तो जातोच.
घाटावर वादळ उठलं की रस्ता बंद करतात
आणि गाड्या एका ओळीत आमच्यामधून सोडतात.
सगळ्यांत पुढे माझा नांगर, बर्फ सारणारा.
सगळ्यांत मागे योव्नाचा.
मधे मासळीचे ट्रक, टपालाची गाडी,
हॅमरफेस्टला बाळंतपणासाठी निघालेली एक बाई
आणि स्टिअरिंग घट्ट धरलेला तिचा नवरा.

नांगराला हात घातला की मागे पाहू नये,
असं तो म्हणाला होता. मी तर दिवसभर आरशात बघते.
पण त्याच्याही मागे बारा होते, मग अकरा,
आणि तोही अधूनमधून वळून मोजत असणार,
असं मी धरून चालते.

पुढचं मला दोन काठ्यांपुरतं दिसतं.
कडेला रोवलेल्या, चमकती पट्टी लावलेल्या काठ्या.
तिसरी दिसतच नाही.
दुसरीपाशी पोचावं, मग ती वर येते.
पायापुरता दिवा म्हणजे काय
हे मला कुठल्या प्रवचनात कळलं नाही,
या गाडीत कळलं.

रेडिओवर आम्ही आकडेच बोलतो.
"अकरा?" मी विचारते.
"अकरा," तो म्हणतो.
दोन हिवाळ्यांचं एवढंच संभाषण.

आज माथ्याजवळ विचारलं, "अकरा?"
खरखर. मग: "दहा. थांब."
टपालाची गाडी बंद पडली होती. तो दोर लावत होता.

चाळीस मिनिटं वारा काच खरवडत राहिला.
मी पुस्तक काढलं, दुसरं करणार काय.
तीच नावं.
आणि मनात आलं, कुणीतरी त्या रानात
उन्हातान्हात, रडत्या पोरांच्या गलक्यात
तंबूतंबूशी थांबून विचारलं असेल:
तू कोण? कुणाचा?
आणि उत्तर लिहून होईपर्यंत पुढे सरकला नसेल.

"रिस्तेन, आज काय होतं?"
रेडिओ. आकडा नव्हता तो.
"नावं."
"वाच."

बटण दाबून धरलं आणि वाचायला लागले.
वडील ज्या नावाशी अडखळायचे
तिथेच अडखळले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळले.
लहानपणी याच पानाला
आम्ही दोघं लापशीत तोंड खुपसून हसायचो,
वडील डोळे वटारायचे आणि त्यांच्याच मिशा हलायला लागायच्या.
पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला,
मग तो फुटलाच,
भर वादळात, साऱ्या विभागाला ऐकू जाईल असा,
आणि मला पुढची ओळ दिसेना.

"दोर बसला," तो म्हणाला. "अकरा."

खाली फाटकाशी तो माझ्या गाडीपाशी आला,
रिकामा मग पुढे धरून.
होडीचं नाव कुणी काढलं नाही.
अर्धी कॉफी संपल्यावर म्हणाला,
"जूनमध्ये तिला डांबर लागेल."
"लागेल," मी म्हटलं.

उद्याच्या पानावर पुढचं कूळ आहे.
मी एक ओळ चोरून वाचलीय.