खणाची परीक्षा

पुस्तकात ह्या तपासणीला ड्रॉवर टेस्ट म्हणतात.
मी खणाची परीक्षा म्हणते.
एक हात मांडीच्या हाडावर, दुसरा नडगीवर,
आणि नडगी हलकेच पुढे ढकलायची.
सरकायला नको असते.
हरणीची सरकली,
जुन्या टेबलाचा खण सरकतो तशी, कुरकुर न करता.

"खण?" सातेरी कामकर म्हणाले.
वडगावात चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस,
त्यांचे खण वेगळे, काठाला रेशीम असलेले.
"आमचा खण बिघडला तर माग थांबवतो की.
हिला कुठं थांबवू?"

ती थांबलेलीच होती, मागचा डावा पाय वर धरून.
आई मुधोळची, बाप येळ्ळूरच्या वाटेवरचा कुणीतरी.
कापलेल्या भातात सशामागे वळली,
पंजा धसकटात अडकला
आणि बाकीची हरणी वळून पुढे गेली.
गुडघ्यातला एक दोर,
माझ्या करंगळीहून बारीक.
तेवढाच तुटला.

हाड कापून त्याचा उतार बदलायची शस्त्रक्रिया आहे, मी सांगितलं.
करवत लागते, प्लेट लागते, बेंगळूर लागतं.
त्यांनी आकडा विचारला.
आकडा ऐकून ते बराच वेळ
भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिले.
मग मी दुसरी सांगितली,
माझ्या हातात असलेली.

नायलॉन कोल्हापूरहून आला.
पार्सलवर कुणी बेळगाव लिहितं, कुणी बेळगावी,
कुरिअरवाला कलमेशच्याच नावानं हाक मारतो.
मंगळवारी लाइट जाते म्हणून बुधवार धरला.
कामकरांची सून धारवाडकडची, कुत्री तिचंच ऐकते,
म्हणून भूल चढेपर्यंत
कलमेश हरणीच्या कानाशी कन्नडमधून काहीबाही बोलत राहिला.

भादरलेला पाय सोललेल्या उसासारखा.
कातडी, मग पांढरा पडदा, मग सांध्याची पिशवी.
आत तुटक्या दोराची टोकं, ओल्या कापसासारखी पिंजलेली.
कूर्चेच्या गादीचा एक कोपरा दुमडला होता, तो काढला.
मग वाकडी सुई मांडीच्या हाडामागे.
तिथे वाटाण्याएवढं एक हाड लपलेलं असतं,
त्याला वळसा घालून नायलॉन पुढे आणायचा,
नडगीच्या कपाळाला भोक पाडून त्यातून ओवायचा,
आणि गाठ.

किती आवळायची, हे कुठल्याच पानावर नीट लिहिलेलं नाही.
फार आवळली की पाय बाहेर फिरतो,
सैल राहिली की खण पुन्हा उघडा.
कलमेशनं पाय धरला, ती उभी असती तर असता तसा.
ओढलं. तपासलं. सोडलं.
पुन्हा ओढलं.
तिसऱ्यांदा खण बंद झाला.

संध्याकाळी कामकरांनी विचारलं, गाठ कुठली?
उरलेल्या तुकड्यावर दाखवली.
त्यांनी त्यांची बांधून बघितली,
डोळे मिटूनही येणारी, विणकराची.
ती नायलॉनवरून सुळ्ळकन सुटली.
"सुताला चालते," ते जरा रागानंच म्हणाले.

आणि मग मला सांगावं लागलं
की हा दोरही कधीतरी तुटेल. सहा महिन्यांत, वर्षात.
"मग बांधला कशाला?"
तोवर सांध्याभोवती तिचंच मांस घट्ट होतं, म्हटलं,
तेच पुढं धरून ठेवतं.
पण आठ आठवडे उडी नाही, जिना नाही, ससा तर नाहीच.
ते तुकडा बोटाला गुंडाळत, उलगडत बसले.
"सांधणी म्हणा की," एवढंच म्हणाले,
आणि तो तुकडा खिशात घालून गेले.

पाचव्या आठवड्यात फोन.
हरणी मागाच्या खड्ड्यात झोपलेली सापडली,
पायट्यांच्या मध्ये.
उतरली की उडी मारली, कुणी बघितलं नाही.
"खण बघायला आणू काय?"
आणा म्हटलं.
रिक्षाचा आवाज येईपर्यंत
मी दोनदा हात धुतले.