जाळी

जाळी मी काढली होती.
हे आधीच सांगतो,
म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला
चांगला माणूस समजणार नाही.

चार नट. तेरा नंबरचा पाना.
तुरीची चुनी अडकायची जाळीखाली,
दर अर्ध्या तासाला मशीन बंद करा, उघडा, झाडा, लावा.
सुपरवायझर म्हणला, "काय खेळलालास बसवराज,
गाडी उभी हाय दारात."
मग एकदा भिंतीला टेकवली ती टेकवलीच.
हुसेनबी तिच्यावर डब्याचं फडकं वाळत घालायची.

उदगीरच्या त्या दालमिलमध्ये
बटण दाबल्यावरही स्क्रू लगेच थांबत नाही.
अंगातल्या वेगानं फिरत राहतो.
नऊ फेरे.
मी मोजले. दुसरं काही करता येत नव्हतं.

दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्ये,
मुकादम सगळ्यांना पढवत होता :
कडबाकुट्टीत गेला म्हणायचं, घरी.
हुसेनबीनं डोळे उघडले.
"हमना खेत नै, भैंस नै.
कडबा किसके वास्ते काटूं?"
आणि परत मिटले.

मस्टरवर तिचं नाव नव्हतं.
अकरा वर्षं ती मुकादमाच्या वहीत होती, पेन्सिलनं,
आणि त्या रात्री तिथंही
खोडरबराचा भुगा तेवढा राहिला.

त्या दिवसाच्या मालाचं विचारू नका.
पॉलिश झाली, पोती शिवली, ट्रक गेला.
आमच्या घरी तेव्हापासून मुगाचं वरण असतं.
बायको विचारत नाही.

युनियनचे कोंडेकर आले, कायद्याचं पुस्तक घेऊन.
त्यात बोटांचा तक्ता असतो.
तर्जनी, चौदा टक्के.
मधलं, बारा.
करंगळीशेजारचं, सात.
हुसेनबीच्या पोरानं, सलीमनं, बेरीज केली : तेहतीस.
कोंडेकर चष्मा पुसत म्हणाले, नाही रे,
तीन एकदम गेली की तीसच धरतात.
खोलीत कुणी बोलेना.
मग तीच हसली, पट्टीतला हात छातीशी धरून :
"ठोक में सस्ता पड़ा."

पैसे, ते म्हणाले, भीक नाही.
मस्टरवर नाव नसलं तरी हक्क जात नाही,
मुकादमाचा माणूस असला तरी मालक सुटत नाही.
फक्त कुणीतरी सांगायला पाहिजे
की ती तिथं होती.
आणि जाळी नव्हती.
सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.
मुद्दाम पाहिलं नाही.

लातूरला तारीख पडली.
आदल्या दिवशी शेठनं चहा पाजला, कपबशीतून,
आम्हाला नेहमी कागदी कप असायचा.
म्हणला, जाळी होती एवढंच बोल.
मिलमध्ये तोवर खरंच नवीन जाळी आली होती,
पिवळी, फोटो काढलेली.

साहेबांसमोर वकिलानं विचारलं, जाळी होती का?
होती, म्हणलो.
शेठचा माणूस मागे जरा सैल बसला.
भिंतीला टेकून होती, म्हणलो.
आणि खिशातून चार नट काढून टेबलावर ठेवले.
एक गडगडत गेला खाली.
शिपाई वाकून शोधत होता तोवर
टायपिस्ट थांबली होती,
बोटं कळांवर तशीच, दहाच्या दहा.

पुढची तारीख मिळाली.
त्यानंतरचीही.
मला दुसऱ्या दिवसापासून गेटच्या आत घेतलं नाही,
आता ऑइलमिलमध्ये पोती उचलतो.

पण त्या संध्याकाळी एसटीत
ती खिडकीशी, डाव्या हातानं पदर सावरत,
मी कडेला.
नळेगाव गेलं तरी मला तोंड फुटेना.
शेवटी बोललो, मावशी, ती जाळी—

"मालूम था," ती बाहेर बघतच म्हणाली.
"फडकी किसपे सुकाती थी मैं?"