फटकी

बापाचं नाव उखर्डू.
आधीची तिघं गेली, म्हणून जन्मल्या दिवशी
उकिरड्यावर लोळवला त्याला, वर सूप झाकलं.
मरणाला वाटावं, कचराच आहे.
मरण फसलं. अडुसष्ट वर्षं.

त्यातली चाळीस नंदुरबारच्या पथारीवर,
उकिडवं बसून, लाल ढिगातून
फटकी वेगळी काढण्यात.
फटकी म्हणजे बुरसलेली, पांढुरकी मिरची.
शंका आली की कानाशी हलवायचा,
बी कसं वाजतं त्यावरून सांगायचा.
आम्ही रुमाल बांधून शिंकायचो,
तो उघड्या तोंडाने.
खोकला मजुरीसोबत मिळायचा.

मग पंप आला, निळा.
साखर आली, न बोलावता.
मग चौकातल्या डॉक्टरची बारीक पांढरी गोळी,
जिने दम बसायचा अन् साखर उठायची.
दोन वर्षं खाल्ली. स्वस्त होती.

थुंकीत रक्त दिसलं तेव्हा सगळे टीबी म्हणाले.
त्या औषधाने लघवी लाल झाली,
ताप तिथेच.

धुळ्याला यंत्रात घालून फोटो काढला.
डॉक्टरीण माझ्या धाकटीच्या वयाची.
पडद्यावर बोट ठेवून म्हणाली,
ही गाठ. अन् हे भोवती, खळं.
चंद्राला पडतं ना, तसं.

खळं दिसलं की आम्ही रात्रीच
मिरचीवर ताडपत्र्या ओढायचो.
मी पदर ओढून घेतला, उगाच.

बुरशी आहे, ती म्हणाली. फुप्फुसात.
बाप हसला, हसता हसता खोकला.
"मन्हामा? ती ते मिरचीले लागस, माय."
मग पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं,
चाळीस वर्षं बघत होता तसं.
"फटकी शे. बाजूले काढी टाका."

काढता येत नाही.
गोळी आहे, महाग, तीन महिने,
जेवणाच्या तासभर आधी,
अन् दिवसातून चारदा बोटाला सुई.
रात्री त्याच्या खाटेखाली आडवी होते
तेव्हा आजीचं सूप आठवतं.
मरणाला चकवलंस खरं, आजी,
पण उकिरड्याने पोर पाहून ठेवलं होतं.

गोळीनंतर अर्धा तास त्याला
वॉर्डाची भिंत लाल दिसते, चमकते.
डॉक्टरीण म्हणते, होतं असं, घाबरू नका.
तो कुठे घाबरतोय?
"माल वाळना," म्हणतो, भिंतीकडे बघत,
अन् गोळ्यांचं पाकीट
कानाशी धरून हलवतो.