तिसऱ्या ढोलाची जागा

पाच ढोल होते आमचे, पाच मापांचे.
मी दुसरा.
माझ्या वाट्याला एकच ठोका यायचा,
पहिल्याच्या मागून, तिसऱ्याच्या अगोदर,
पापणी मिटायच्या आत.
स्नेअरवाली पोरं हसायची,
"एक ठोका मारायला सबंध उन्हाळा?"
हो. सबंध उन्हाळा.
असे सात.

मेरिमॅकच्या काठचा बुटांचा कारखाना बंद पडला
तेव्हा मागची डांबरी जागा आम्हाला मिळाली.
उन्हात डांबर मऊ व्हायचं,
टाचांचे ठसे उमटायचे रांगेने,
दुसऱ्या दिवशी त्याच ठशांत पाय ठेवायचे.
सेंट ओडिलॉन चर्चच्या बिंगोच्या गल्ल्यातून घेतलेले ते ढोल,
खऱ्या कातड्याचे, लहरी,
नदीवरून धुकं आलं की रुसायचे,
दुपारी तापून भलत्याच सुरात ओरडायचे.

ऑरेल थिबोडो शिकवायचा.
दिवसा टपालात पत्रं लावायचा.
कोरियातून एका कानाने बहिरा होऊन आलेला,
उरलेल्या कानाने सगळं ऐकायचा.
"पाच माणसं वाजवताहेत
असं मला कळता कामा नये.
एकच माणूस जिना उतरतोय असं वाटलं पाहिजे.
आणि त्याला घाई नाहीये, लेको,
त्याला कुठेही जायचं नाहीये."

परीक्षक तेव्हा थेट रांगेत शिरायचे,
पाटीला सुतळीने बांधलेली पेन्सिल,
श्वासाला कॉफीचा वास.
एक हात घसरला की एक टिक.
एक टिक म्हणजे गुणाचा दहावा हिस्सा.
फिचबर्गला आम्ही एका दहाव्या हिश्श्याने हरलो.

बसमध्ये कोणी बोलेना.
बिगुलवाले खिडकीबाहेर बघत होते,
बाहेर तर नुसता काळोख.
मग शेवटच्या बाकावरून नॉर्मां लाव्हिग्न,
तिसरा ढोल, म्हणाला,
"माझी होती."
आणि सँडविच खायला लागला.

माझी होती.
माझा ठोका पुढे पडला होता, केसभर.
त्याच्या अंगावर पडला होता,
त्याला कळल्यावाचून राहिलंच नसणार.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

नातू मला आताच्या पथकांचं चित्रण दाखवतो.
खांद्यावर ॲल्युमिनियमचा सांगाडा,
सुईच्या टोकावर वाजणारे हात.
आमच्यापेक्षा चांगले आहेत ते, खोटं कशाला बोलू?
फक्त त्यांचे ढोल
पाऊस येणार हे आधी सांगत नाहीत.

यंदा ऑगस्टात जमलो, लीजन हॉलच्या मागे,
चौघंच. ढोल मात्र पाच आणले कोणीतरी.
"तिसऱ्याचा ठोका मी घेऊ का?" चौथ्याने विचारलं.
नको म्हटलं.
वाजवलं.
जिना उतरणारा माणूस
मधल्या एका पायरीवर पोचलाच नाही,
पाय खाली गेला, खाली गेला,
आणि मग पुढची पायरी लागली.
पुन्हा वाजवलं. पुन्हा तिथेच.
कोणाच्या हातात पेन्सिल नव्हती.

क्लोदेत कागदी ताटली घेऊन झाडाखाली बसलेली.
तिला जाऊन सांगितलं मी,
फिचबर्गची ती टिक माझी होती.
"कुठली टिक?" ती म्हणाली.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात
त्याने तिला सांगितलंच नव्हतं.
बराच वेळ ती ताटलीतली काकडी बाजूला सारत राहिली.
मग म्हणाली,
"झोपेत त्याचं मनगट हलायचं.
एकदाच, असं.
मग कितीतरी वेळ काही नाही.
मला वाटायचं थांबलं.
मी जागी राहायची, पुन्हा हलेपर्यंत."