तीट

केरसीने दोघींना फ्लॅनेलवर शेजारी निजवलं.
"ही नवी. स्टेनलेस. घामाला भीक घालत नाही.
वरळीचा वारा रात्रभर चाटत बसला तरी
सकाळी जशीच्या तशी."

दुसरी गुप्तेसरांची.
नळीच्या तोंडाशी निळाई उडालेली,
मुठीच्या लाकडात त्यांच्या अंगठ्याचा खळगा;
माझा अंगठा त्यात सैल पडतो.
एका रविवारी तेलाचा कंटाळा केला
तर सिलिंडरवर तांबूस ठिपके,
गोवर उठावा तसे.

पण तिचा चाप!
दुधावरची साय बोटाने सरकवावी,
इतकाच.

नवीचा अजून हट्टी.
त्यात चारचं ऊन येऊन बसतं थेट तिच्या माशीवर,
मग टार्गेट कुठलं, नुसता लखलखाट.

"एकवीस दिवस राहिले, ठरव नी बाई."

नवी घेतली.
घरी कापूर पेटवून माशीवर काजळी धरली,
गोऱ्या पोरीला तीट लावावी तशी.
जुनीला तेल दिलं, गुंडाळलं,
कपाटाला कुलूप.

स्पर्धेत पहिल्याच गोळीला
बोटाने जुन्याच चापाचा अंदाज घेतला.

सात.

केरसी दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला,
"बोटाला पण गंज लागते, डिकरा."